चित्रा चौक, व्हाया १९८४

रात्रीची अमरावती एक्स्प्रेस, वरचा बर्थ आणि मोबाइलवर 'टोटली किलर'. मुंबईहून घरी जाताना दुसरं काय करणार? २०२३चा हा सिनेमा म्हणजे फुल टू भेळ! मुखवटेवाला खुनी, फोटो बूथचं टाइम मशीन आणि ऐंशीच्या दशकाची धमाल. आईचा खून होतो आणि तो टाळायला जेमी थेट १९८७ मध्ये पोचते. तिथे तिला भेटते तिच्याच वयाची, भलतीच आगाऊ आई.

दुसऱ्या दिवशी माझ्या आईसोबत ऑटोनं बाजारात निघाले. आमच्या अमरावतीत चौकांना टॉकीजची नावं आहेत. प्रभात, सरोज, चित्रा. मल्टिप्लेक्सवाल्या पिढीलाही पत्ता सांगताना तीच लागतात. चित्रा चौक आला, तसं सहज विचारलं, "आई, तू कधी हॉरर पाहिलास?"

"पायला नं! रामसेचा 'पुराना मंदिर', १९८४ले. कॉलेज बुडवून. तो सामरी आला का मैत्रिणी किंचाळे, अन् मले हासू आवरे ना. तुह्या आजोबाले शेवटपर्यंत समजलं नाही."

मी बघतच राहिले. एक लेक्चर बुडवलं म्हणून मला तासभर झापणारी ती हीच?

जेमीला आईची खरी ओळख व्हायला आधी आई गमवावी लागली. आपण तर रोज फोनवर 'जेवलीस का?'च्या पुढे जातच नाही.

परतताना मी ऑटो चित्रा चौकातच सोडली.

"बाल्कनीत बसायच्या का गं तुम्ही?"

"बाल्कनीले पैसे कुठं होते वं?" म्हणत आई सांगत सुटली.