राखणदाराची हाक

२०२३ च्या जुलैत भाच्याकडे सिल्वासाला गेलो होतो. वापीला गाडीतून उतरायचं, रिक्षा धरायची, की थोड्या वेळात दादरा-नगर हवेलीची हद्द लागते. आम्हां गोंयकारांना हा मुलूख तसा परका नाही. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात तो पोर्तुगीजांच्या हातून सुटला. त्या लढ्यात आझाद गोमंतक दलाची माणसं होती, संगीतकार सुधीर फडकेही होते. आमचा नंबर लागायला त्यानंतर सात वर्षं जावी लागली. आता तिथे धाग्याचे आणि प्लॅस्टिकचे कारखाने, औषधांची गोदामं, आणि पावसात हिरवागार झालेला वारल्यांचा मुलूख, सगळं एकमेकांना खेटून आहे.

भाचा अशाच एका औषधांच्या गोदामाची यंत्रं सांभाळतो. तिथे एक थंड खोली आहे. तिच्यात इन्सुलिन आणि हिपॅटायटिस बी ची लस ठेवलेली असते. तापमान हवं २ ते ८ अंशांच्या मधे. खोलीत चार सेन्सर, विजेच्या पॅनेलवर व्होल्टेज मोजणारा एक. सगळे नेटवर्कवर जोडलेले. मर्यादा ओलांडली की तिघांच्या मोबाइलवर मेसेज येतो. "मामा, आता रात्री उठून बघायला जायची गरज नाही," तो मला मोठ्या कौतुकाने सांगत होता.

रात्री जेवायला बसलो तर त्याचा फोन सारखा थरथरत होता. तो बघेना. मी विचारलं, "अरे, महत्त्वाचं असेल काही."

"काही नाही रे मामा. कुणीतरी दार उघडलं असेल. दिवसाला चाळीस मेसेज येतात."

मग त्याने फोनचा आवाज बंद केला. बाकीच्या दोघांनी तो केव्हाच बंद केला होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी गोदामातून माणूस धावत आला. खोलीचं तापमान उणे ३!

मी त्याच्याबरोबर गेलो. मला वाटत होतं, वीज गेली की औषध तापून खराब होतं. इथे उलटंच झालं होतं. मध्यरात्री व्होल्टेज २३० वरून १७५ च्या आसपास आलं आणि बराच वेळ वरखाली होत राहिलं. काँप्रेसर चालू-बंद करणारा जो काँटॅक्टर असतो, तो कमी व्होल्टेजला नीट धरत नाही. खडखडत राहतो, ठिणग्या उडतात आणि त्याचे तांब्या-चांदीचे ओठ एकमेकांना वितळून चिकटतात. तसे ते चिकटले. मग थर्मोस्टॅटने कितीही 'थांब' म्हटलं तरी काँप्रेसर थांबणार कसा? रात्रभर तो गारवा ओतत राहिला. व्होल्टेजचे मेसेज वेळेवर आले होते, पण ते त्या चाळिसांच्या ढिगात गेले. आणि २ अंशांच्या खालची मर्यादा तर लावलेलीच नव्हती! "गार राहिलं तर चांगलंच की," असं लावताना सगळ्यांनाच वाटलं होतं.

इन्सुलिन एकदा गोठलं की त्याचा भरवसा उरत नाही. ही लसही तशीच. वाईट हे, की वितळल्यावर कुपी पुष्कळदा पहिल्यासारखीच दिसते. माझ्या आईला रोज इन्सुलिन लागतं. तिच्या हातातली कुपी अशी एखाद्या रात्रीतून आलेली असती तर तिला कसं कळलं असतं? साखर का उतरत नाही म्हणून आम्ही तिच्याच जेवणाला दोष दिला असता. त्या दिवशी सगळा माल बाद केला. भाचा कुणाशी बोलला नाही.

संध्याकाळी तो कागद घेऊन बसला. मीही शेजारी बसलो. त्या दोन तासांत मला एक गोष्ट कळली. मर्यादा म्हणजे नुसता आकडा नव्हे, त्याला वेळही जोडावी लागते. लसींच्या फ्रिजमध्ये जे नोंदयंत्र ठेवतात त्याच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे : ८ च्या वर सलग १० तास गेले तर इशारा, पण उणे अर्ध्या अंशाखाली एकच तास गेला तरी इशारा. उष्णतेला थोडी सवलत आहे, गोठण्याला जवळजवळ नाहीच. औषध कशाने किती लवकर मरतं, त्यावरून तो नियम झालेला आहे.

भाच्याने सेन्सरची टोकं ग्लायकोलच्या बाटल्यांत बुडवली, म्हणजे दार उघडल्यावरची हवा नव्हे, कुपीच्या आतलं तापमान मोजलं जाईल. ८ च्या वर अर्धा तास राहिलं तरच मेसेज. नियमातल्या १० तासांची वाट बघायची नाही, उठून जायला वेळ हवा. खाली मात्र २ ला सूचना, १ ला थेट फोन. व्होल्टेज २०० च्या खाली पाच मिनिटं टिकलं की आधी काँप्रेसर आपोआप बंद, मग फोन. कारण व्होल्टेज बिघडतं ते आधी, तापमान बिघडतं ते नंतर. आणि सेन्सरकडून पंधरा मिनिटं काहीच आलं नाही तर तोही इशाराच समजायचा. वीज जाताना नेटवर्कही जातं आणि मग सगळं शांत असतं! शेवटी, तिघांना एकदम मेसेज पाठवणं त्याने बंद केलं. तिघांचं काम ते कुणाचंच नसतं. आधी एकाला फोन, त्याने दहा मिनिटांत उचलला नाही तर दुसऱ्याला.

मला आमच्या गावचा राखणदार आठवला. हातात दांडा आणि खांद्यावर घोंगडी घेऊन तो रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, अशी आमच्याकडे श्रद्धा. लहानपणी आजी सांगायची, तो उगाच हाक मारत नाही, म्हणून मारली की उठायचं. पान हललं तरी ओरडणारा राखणदार असता तर त्याला वर्षाचा रोट कोणी दिला असता?

आता भाच्याचा फोन क्वचितच वाजतो. वाजला की तो जेवणावरून उठतो.