आतली कडी

धाकटीला सांभाळायला अक्कलकोटकडच्या एक मावशी आमच्या घरीच राहायला येणार, म्हणून अडगळीची खोली आवरली. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे माळ्यावर टाकले, भिंतींना सफेदी दिली, खाटेवर कोरी सोलापुरी चादर अंथरली. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यावर मी एकदा व्याख्यानही झोडले आहे!

मावशींनी चादरीवरून हात फिरवला. मग दाराकडे पाहून हळूच म्हणाल्या, "सर, आतून कडी नाही का हो?"

कडी होती, पण बाहेरून. अडगळ थोडीच आतून कडी लावते?

तसाच मधल्या मारुतीपाशी गेलो, कडी आणली, सुताराकडून ठोकून घेतली. रात्री ती लागल्याचा आवाज आला. धाकटी झोपेत नुसती चाळवली. मी मात्र बराच वेळ जागा होतो.