चातुर्मासातील एक रविवार

चातुर्मास बसल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आम्हा उभयतांना तीन ठिकाणची निमंत्रणे आली. पुण्याच्या कॅम्प भागात ज्याची पेढी आहे, त्याच्या खातेवहीत सर्व धर्मांची नावे असतातच, आणि खाते जुने झाले की संबंध दुकानापुरता राहत नाही.

सकाळी देरासरात पूजा केली, नवकारशी पारली आणि चर्चमध्ये गेलो. आमचे निवृत्त हिशेबनीस मूळचे गोव्याचे कॅथलिक. त्यांच्या विवाहाला पन्नास वर्षे झाली म्हणून विशेष प्रार्थना होती. परमप्रसादाच्या वेळी लोक रांगेने पुढे गेले, आम्ही बाकावर बसून राहिलो. तो प्रसाद त्यांच्या संप्रदायात दीक्षित झालेल्यांसाठीच असतो, त्यामुळे बसून राहण्यात कोणाला अनादर वाटत नाही. मला ही रीत समंजस वाटली. मर्यादा स्पष्ट असली की पाहुणाही अवघडत नाही.

परतताना लाल देवळावरून आलो. बगदादहून मुंबईस आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी बांधावयास घेतलेले हे ज्यू प्रार्थनामंदिर १८६७ मध्ये पूर्ण झाले. स्वतः ससून १८६४ मध्येच पुण्यात वारले. त्यांची समाधी त्याच आवारात आहे. ते मोठे दानशूर, परंतु त्यांच्या संपत्तीत अफूचा वाटा होता. आपल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, हे खरे. मात्र बोट दाखवण्यापूर्वी थांबावे लागते, कारण माळव्याच्या अफूच्या व्यापारात जैन पेढ्याही होत्या.

दुपारी गुरुद्वारात शेजारच्या शीख दुकानदारांच्या अखंड पाठाची समाप्ती होती. अठ्ठेचाळीस तास खंड न पडता वाचन चालते. कणीक, तूप आणि साखर सारख्या प्रमाणात घेऊन केलेला कडाह प्रसाद ओंजळीत मिळाला. लंगरात मात्र डाळीला कांद्याची फोडणी आणि भाजी बटाट्याची. वाढणाऱ्या तरुणाला म्हटले, "केवळ रोटी आणि खीर द्या." त्याने कारण विचारले नाही. रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची, एवढे मात्र हळूच सांगितले.

माझ्या डाव्या हाताला कोण येऊन बसावे? आमच्या दुकानातील हमाल, आपल्या दोन मुलांसह. तो दर रविवारी तेथे येतो, हे मला ठाऊक नव्हते. बावीस वर्षे तो आमच्याकडे आहे. एका पंगतीत आम्ही प्रथमच जेवलो, आणि तीही दुसऱ्याच्या घरची पंगत. तो संकोचला नाही. धाकट्याला रोटी मोडून देत शांतपणे जेवत होता.

तेथे बसून आपल्या स्वामीवात्सल्याचा विचार मनात आला. ती साधर्मिकांच्या सन्मानाची पंगत आहे. तिचा अर्थच तसा आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु सकाळी पाहिला तो प्रसाद आणि दुपारची ही पंगत, या दोहोंपैकी घरचे भोजन कशाच्या जवळ असावे? आपण संघाचा नियम घरच्या पानांनाही सहज लावतो, असे मला वाटते.

सायंकाळी एका निवृत्त विज्ञानशिक्षकांची शोकसभा होती. गृहस्थ पूर्ण निरीश्वरवादी. दिवा नाही, हार नाही. देह वैद्यकीय महाविद्यालयास दिलेला. कोपऱ्यातील मेजावर नेत्रदानाचे अर्ज होते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपटल काढावे लागते, म्हणून अर्जापेक्षा घरच्यांनी वेळेवर नेत्रपेढीस कळवणे महत्त्वाचे, असे त्यांच्या कन्येने समजावून सांगितले. आपल्या समाजातील दोघे वृद्ध तेथे आधीच सही करीत होते. आषाढात पुण्यास सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो. साडेसहालाच त्या मुलीने भाषणे थांबवली आणि म्हणाली, "ज्यांचा चौविहार आहे त्यांनी आधी अल्पोपहार घ्यावा. बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितले असते."

पर्युषणात सूनबाईंचा अठ्ठाईचा संकल्प आहे. घरी येताना सौभाग्यवती म्हणाल्या, "पारण्याला हमालाच्या घरच्यांना आपल्याच पंगतीत बसवू या. नंतर नको." थोरल्या बंधूंना हे रुचलेले नाही. तपाचे पारणे हा घरगुती समारंभ नव्हे, त्यांना दिवाळीत बोलवा, असे त्यांचे म्हणणे. त्यातही तथ्य आहे. दादांचा शब्द आमच्या घरात मोडला जात नाही, आणि सौभाग्यवतींनी यादीत ती चार नावे शाईने लिहिली आहेत. संवत्सरीला अजून महिनाभर अवकाश आहे.