मक्याच्या मुलखातून अण्णांना

एम्स, आयोवा
८ जून

ती. अण्णा आणि आई,
सा. नमस्कार.

पेरणीचं कुठवर आलं? भुई पुरती ओली झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका, हे तुम्हाला मी सांगायला नको. इथलं सोयाबीन मे महिन्यातच पेरून झालं. एका बाजूला मका, दुसऱ्या बाजूला सोयाबीन, नजर पोचेल तिथवर हेच. शेतांच्या पोटात भोकांच्या नळ्या पुरलेल्या असतात आणि जास्तीचं पाणी त्यांतून ओढ्याला जातं. आपलं पाणी साचणारं खालचं वावर आठवलं.

इथल्या विद्यापीठात कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर यांच्या नावाची इमारत आहे. आईच्या कपाटातल्या ‘एक होता कार्व्हर’मधले तेच. १८९१ साली ते इथं शिकायला आले आणि पुढे टस्कीगीला शिकवायला गेले. तिथून १९०६ साली अवजारं, बियाणं घेऊन शेतकऱ्यांच्या दारी जाणारी गाडी सुरू झाली. माझं उन्हाळ्याचं काम त्याच वळणाचं आहे. एका काउंटीच्या (आपला तालुका म्हणा) कृषी विस्तार कार्यालयात मी मदतनीस आहे.

लोक पिशवीत पानं घालून थेट टेबलापाशी येतात. काल एक आजी टोमॅटोची आकसलेली पानं घेऊन आल्या. आमच्या साहेबांनी रोगाचं नाव घेतलं नाही. आधी विचारलं, “गेल्या आठवड्यात वारा कुठून होता?” शेजारच्या शेतात टू-फोर-डी हे तणनाशक फवारलं होतं.

कृषी विस्ताराची ही व्यवस्था १९१४ च्या कायद्यानं आली. विद्यापीठ, केंद्र सरकार आणि स्थानिक कर असा तिघांचा पैसा. कार्यालयावर नऊ जणांची परिषद असते, तीही लोकांनी मतदान करून निवडलेली. आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याचा (पूर्वीचा कृषी सहायक) अर्धा जीव पंचनाम्यात नि अनुदानाच्या अर्जांत जातो. त्याला गावानं निवडलेल्या माणसांपुढे वर्षाचं काम मांडावं लागलं असतं तर?

तुमची लेक

३ जुलै

ती. अण्णा,
सा. नमस्कार.

फोनवर म्हणालात, “विद्यापीठवाल्यांचं ऐकून कुणाचं भलं झालंय?” इथले शेतकरीही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच म्हणत. तेव्हा पेरी होल्डन नावाच्या प्राध्यापकांनी रेल्वेच्या डब्यात व्याख्यानं सुरू केली. १९०४ पासून त्यांची गाडी स्टेशनास्टेशनांवर थांबायची. सांगणं एकच: पेरण्याआधी कणसाकणसाचे दाणे उगवून पाहा. म्हणजे आपली सोयाबीनची गोणपाटातली शंभर दाण्यांची चाचणी! सत्तरच्या वर उगवले तर बियाणं घरचंच वापरा, असं आपल्याकडे सांगतात ना, तसंच.

बापांना पटत नव्हतं, पण त्याच सुमारास पोरांकडून वाट निघाली. याच राज्यातल्या पेज काउंटीत जेसी फील्ड या शिक्षिकेनं मुलांची मका मंडळं काढली. ओहायोत ए. बी. ग्रॅहम यांनी १९०२ साली तसंच केलं. पोरगं नवं बियाणं लावतं, बाप कुंपणापलीकडून बघतो, आणि पुढच्या साली काही न बोलता तेच पेरतो. त्या मंडळांतूनच ‘फोर-एच’ ही चळवळ उभी राहिली. तिची खूण चार पानांचा क्लोव्हर: डोकं, मन, हात आणि आरोग्य.

आता माझ्याकडे फोर-एचची चौथी ते बारावीची मुलं आहेत. कुणी वासरू पाळतं, कुणी शिवण शिकतं, कुणी रॉकेट बनवतं. शहरातली मुलंही भरपूर, घरी एक गुंठा जमीन नसलेली.

तुमची लेक

२५ जुलै

ती. अण्णा आणि आई,
सा. नमस्कार.

या आठवड्यात काउंटीची जत्रा झाली. देव नाही, पण बाकी सगळं आहे: पाळणे, तळण, धूळ, आणि धुऊन-विंचरून आणलेली जनावरं. मी फोर-एचच्या मुलांच्या कामांच्या परीक्षणाच्या टेबलाशी नोंदी करत होते. परीक्षक वस्तू बघून गुण देऊन मोकळे होत नाहीत. मुलाला समोर बसवून विचारतात: काय ठरवलं होतंस? काय जमलं? पुढच्या वेळी काय बदलशील? फिती निळ्या, लाल नि पांढऱ्या. एका मुलाला निळी मिळाली म्हणून दुसऱ्याची हुकत नाही, प्रत्येकाचं काम ठरलेल्या कसोटीवर जोखतात.

एका मुलीचं कोकरू दिसायला साधारणच होतं. पण तिच्या वहीत खाद्याचा भाव, वजन, औषध, सगळं तारखेवार. नफा किती, विचारल्यावर ती म्हणाली, “तोटा झाला. खाद्य उशिरा बदललं.” बारा वर्षांची पोर हे न लाजता सांगते. राहुरीच्या कृषी विद्यापीठात असताना कृषिकन्या म्हणून आम्ही गावात तक्ते घेऊन जायचो आणि शेतकऱ्यांना सांगायचो. त्यांच्याकडून त्यांचाच हिशेब असा मांडून घेणं आमच्या कार्यक्रमात नव्हतं. विस्तार म्हणजे हेच, असं मला आता वाटतं. सल्ला विसरतो, स्वतः मांडलेला हिशेब राहतो.

म्हणून एक मागणं आहे. पुढच्या खरिपात धाकट्याला विहिरीजवळचे दोन गुंठे द्या. वाण त्याला निवडू द्या, उगवण त्यालाच तपासू द्या, आणि एक वही द्या. खत-फवारणीचा पैसा उसना म्हणून द्या, फुकट नको. चुकला तरी मधे पडू नका. सुगीनंतर त्याला तिन्ही प्रश्न विचारा. आणि त्याचा उतारा तुमच्यापेक्षा जास्त आला, तर चारचौघांत कबूल करा.

तुमची लेक