मोडीत काढण्यापूर्वी

माझे माहेर बेळगाव आणि सासर बडोदे. मराठी मुलखाच्या एका कडेवरून उठून मी दुसऱ्या कडेला आले. अशा कडेवरच्या मराठी घरांत एक वस्तू हमखास सापडते, ती म्हणजे जुन्या चीजवस्तूंनी भरलेली ट्रंक. पुण्या-साताऱ्याच्या माणसाला आपले मूळ सांगत बसावे लागत नाही. आपली मुले मात्र अंगणात गुजराती नाहीतर कन्नड बोलतात. मग आजेसासूबाईंचा बंब आणि आहेराची वही टाकायची कशी? दर दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक बाहेर यायची, पुसली जायची आणि पुन्हा पलंगाखाली जायची.

शेवटी विश्वामित्रीनेच निवड करायला लावली. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तिचे पाणी ३५ फुटांच्या वर चढले. तळमजल्यावरच्या आमच्या घरात ते गुडघाभर होते. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली. माझ्या आईची शाईपेनाने लिहिलेली पत्रे नुसती निळी झाली होती. बॉलपेनने लिहिलेली तेवढी वाचता येत होती. ती उन्हात न घालता, मध्ये कोरे कागद ठेवून पंख्याखाली वाळवली. नऊवारी लुगड्यांना मात्र कुबट वास सुटला होता.

लुगड्यांचा प्रश्न सोपा निघाला. आपल्या आज्यांनी जुने लुगडे घडी घालून कधी जपले? त्याची गोधडी झाली. बेळगावकडे आपण तिलाच वाकळ म्हणतो. तीन लुगडी धुऊन त्यांच्या दोन वाकळी शिवून घेतल्या. बंबाला भोक पडले होते, तो मोडीत घातला.

खरी अडचण होती ती लाल फडक्यात बांधलेल्या मोडी कागदांची. ते वरच्या कप्प्यात असल्याने वाचले होते. त्यांत गायकवाड सरकारची सनद आहे, असे सासूबाई साठ वर्षे सांगत आल्या. पण घरात मोडी कोणाला येते? ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांना बोलावले. त्यांनी दोन दुपारी बसून सारे वाचले. सनद नव्हतीच. होता तो वाण्याचा हिशेब: तेल, गूळ, मीठ, आणि कोणाच्या तरी बाळंतपणासाठी आणलेला डिंक.

माझ्या पोटात गोळा आला. सासूबाईंना काय वाटेल? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, म्हणजे आपल्यासारखीच माणसं होती की ती! डिंक कोणासाठी आणला असेल गं?" आणि त्या दुपारी त्यांनी आपल्या सासूच्या बाळंतपणांच्या अशा गोष्टी सांगितल्या, ज्या चाळीस वर्षांत मी ऐकल्या नव्हत्या.

आमच्या शहरात याचे मोठे उदाहरण आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात जुन्या पोथ्या गोळा झाल्या, त्यांतून १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर उभे राहिले. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात येथूनच निघाली. तिच्यासाठी ठिकठिकाणची हस्तलिखिते ताडून पाहावी लागली. कोणीतरी ती जपली होती म्हणून. पण नुसती जपून भागले नाही, ती कोणीतरी उघडून वाचली.

आपल्या घरातही आवरायला बसाल तेव्हा आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. वस्तू हातात घेऊन विचारा, ही कोणाची, कुठून आली? उत्तर मिळाले तर चिठ्ठीवर लिहून वस्तूला बांधा. ज्या वस्तूबद्दल कोणालाच काही सांगता येत नाही, ती खुशाल द्या.

आमच्या ट्रंकेत आता निम्मी जागा रिकामी आहे. हिशेबाचे कागद तिच्यातच आहेत, आणि सोबत त्यांचे बाळबोध लिपीतले वाचन. परवा नातीने ते गुजराती वळणाच्या मराठीत अडखळत वाचले आणि विचारले, "आजी, डिंक म्हणजे गुंदरच ना?"