हजेरीपटावरचा इजिप्त

इजिप्तच्या अभ्याससहलीचा कोणताही कार्यक्रम घ्या, पहिल्या दिवशी गीझाचे पिरॅमिड असतातच. अभ्यासाचं निम्मं नुकसान तिथेच होतं, असं माझं मत आहे. खुफूचा पिरॅमिड मुळात १४६ मीटर उंच होता आणि त्यात सुमारे २३ लाख दगड आहेत, असं गाईड सांगतो. ऐकणारे माना वर करतात आणि एकच प्रश्न विचारतात : एवढं उचललं कसं असेल? उचलणारे कोण होते, त्यांना जेवायला कोण घालत होतं, एखादा कामावर आला नाही तर काय होत असे, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. समोरचा आकारच एवढा असतो की त्यापुढे माणूस दिसेनासा होतो. अजस्र गोष्टींचं मला फारसं कौतुक नाही, हा पूर्वग्रह आधीच सांगून ठेवलेला बरा. त्यामुळे कैरो, अबू सिंबेल आणि बोटीवरचे दिवस इथे भराभर सरतील. बाकीची जागा मिळेल ती लक्झरच्या पश्चिम तीरावरच्या एका पडक्या वस्तीला, कारण शिकण्यासारखं जे काही होतं त्यातलं बरंचसं तिथे होतं.

नाईलवरचा प्रवास सुखाचा असतो यात वाद नाही. आस्वानहून निघायचं, कोम ओम्बो आणि एदफू बघायचं, लक्झरला उतरायचं. डेकवर चहा, आणि गट मराठी असेल तर सोबत घरून आणलेला चिवडा. पण नदीच्या सोयीने जाताना काळाचा क्रम पार विस्कटतो. एदफूचं होरसचं मंदिर भिंती-छतासकट इतकं शाबूत आहे की बहुतेकांना तेच खरं जुनं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा पाया घातला गेला इ.स.पू. २३७ मध्ये, ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांच्या काळात. आपल्याकडे तेव्हा अशोकाचं राज्य होतं. नालासोपाऱ्याला ज्यांचे तुकडे मिळाले ते त्याचे लेख कोरून थोडीच वर्षं झाली होती. खुफूपासून एदफू जितकं दूर, जवळपास तितकेच एदफूपासून आपण दूर. हे अंतर मनात पक्कं नसेल तर देवळामागून देऊळ नुसतं डोळ्यांखालून जातं. गीझाजवळच्या नव्या भव्य संग्रहालयाचं उद्घाटन नोव्हेंबर २०२५ मध्ये झालं. तुतनखामूनच्या थडग्यातल्या ५ हजारांहून जास्त वस्तू तिथे एकत्र मांडल्या आहेत. मांडणी उत्तम आहे, तरी बाहेर पडताना लक्षात राहतं ते सोनं. माझी तक्रार सोन्याबद्दल नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या राजासाठी एवढं सगळं जमिनीखाली ठेवणारी यंत्रणा कशी चालत होती, याचा थांग तिथे लागत नाही. तो लागतो दीर अल-मदीनाला.

राजांच्या दरीपासून एक डोंगरधार ओलांडली की अलीकडच्या खोबणीत ही वस्ती आहे. एका कुंपणभिंतीच्या आत साठ-सत्तर घरं, मधून एक चिंचोळी गल्ली, भिंती कुठे गुडघ्याएवढ्या तर कुठे छातीपर्यंत. दरीतली राजांची थडगी खोदणारे, भिंती घोटणारे आणि रंगवणारे लोक इथे चारशेहून अधिक वर्षं, पिढ्यान्‌पिढ्या राहिले. वस्ती सरकारी होती. जागा कामाच्या सोयीने निवडलेली, पाण्याच्या नव्हे. पाणी खालून गाढवांवर यायचं. मासे, भाजी, सरपण, मडकी सारं बाहेरून यायचं, आणि कपडे धुवायला परीटही नेमलेले होते. ही गैरसोय इतिहासाच्या मात्र पथ्यावर पडली. नदीकाठच्या गावांतलं लिखाण ओलीने आणि पुराने गेलं, इथलं कोरड्या वाळूत टिकलं. पपायरस महाग, म्हणून इथले लोक चुनखडीच्या कपच्यांवर आणि फुटक्या मडक्यांच्या खापरांवर लिहीत. आणि लिहीत तरी काय? उधारी, भांडणं, नवसाचे कौल, गाढवाचं भाडं, चित्राचे कच्चे आराखडे. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार ब्रुयेर यांनी १९२२ ते १९५१ या काळात इथे उत्खनन केलं. वस्तीबाहेर त्यांना सुमारे ५० मीटर खोल एक खड्डा मिळाला. पाण्यासाठी खणलेला असावा, पण पाणी लागलं नाही आणि त्याचा उकिरडा झाला. त्या उकिरड्यातून लिहिलेली हजारो खापरं वर आली.

यातला एक हजेरीपट मला इजिप्तमधल्या कोणत्याही पुतळ्यापेक्षा मोलाचा वाटतो. अबू सिंबेलला ज्याचे २० मीटर उंचीचे चार पुतळे बघायला गट अपरात्री उठतो, त्याच रामसेस दुसऱ्याच्या कारकिर्दीच्या ४० व्या वर्षाचा तो आहे. आता तो ब्रिटिश म्युझियममध्ये असतो. चुनखडीच्या मोठ्या कपच्यावर चाळीस कामगारांची नावं आहेत, पुढे गैरहजेरीच्या तारखा, आणि तारखांच्या वर तांबड्या शाईत कारणं. कुणाला विंचू चावला, कुणाचे डोळे आले, कुणी आईच्या प्रेताच्या सोपस्कारात अडकला, कुणी बिअर करत होता, कुणाला वरच्या माणसाने आपल्या खासगी कामाला नेलं. आणि अभ्यासकांच्या वाचनाप्रमाणे, कुणाच्या बायकोची वा मुलीची पाळी होती. एवढी कारणं लिहून ठेवणारं सरकार नुसत्या चाबकावर चालत नव्हतं हे उघड आहे. ते फार दयाळू होतं, असं मात्र यातून सिद्ध होत नाही. तांब्याच्या छिन्न्या सरकारी मालमत्ता होत्या, त्या वजन करून द्यायच्या आणि वजन करून परत घ्यायच्या. थडग्याच्या अंधारात दिव्याला किती वाती लागल्या याचाही हिशेब ठेवला जाई. दहा दिवसांच्या आठवड्यात आठ दिवस काम असे, त्या रात्री डोंगरावरच्या झोपड्यांत काढायच्या आणि मग घरी उतरायचं. राजाला देव मानणाऱ्या राज्याचा कारभार शेवटी लेखनिकाच्या काटेकोरपणावर उभा होता, आणि हे कळायला देवळांच्या भिंती अजिबात उपयोगाच्या नाहीत.

या लोकांनी स्वतःसाठीही थडगी केली, घरांच्या वरच्या उतारावर, आपल्या सुट्टीच्या वेळात. सेन्नेजेम नावाच्या कामगाराचं थडगं १८८६ मध्ये न फोडलेल्या अवस्थेत सापडलं. खाली उतरायला अरुंद जिना, आत एक बुटकी कमानी खोली आणि सगळीकडे पिवळ्या पार्श्वभूमीवरची चित्रं, काल रंगवल्यासारखी. एका भिंतीवर तो आणि त्याची बायको परलोकातल्या शेतात नांगरताना, कापणी करताना दिसतात, अंगात पांढरीशुभ्र वस्त्रं. राजांच्या थडग्यांतल्या साप-राक्षसांच्या गर्दीपुढे हे चित्र साधं वाटतं, पण मला ते जास्त विचार करायला लावतं. या माणसाचं पोट शेतीवर नव्हतं. त्याला धान्य मजुरीत मिळत होतं. आपलं शेत, आपलं पीक ही त्याची मेल्यानंतरची हौस होती. आणखी एक गंमत : अशा थडग्यांवर मातीच्या विटांचे छोटे पिरॅमिड असत. राजांनी पिरॅमिड बांधणं सोडून कितीतरी पिढ्या उलटल्या होत्या, तेव्हा कामगार ते आपल्या डोक्यावर बांधून घेत होते.

मजुरी धान्यात, हे ऐकताच मराठी माणसाला बलुतं आठवेल. तुलना कामाची आहे, कारण फरक तिथेच दिसतो. बलुतेदाराचा वाटा गावच्या पिकातून, खळ्यावर, देणाऱ्याच्या समोर उभं राहून मिळे. इथल्या कामगाराला महिन्याला साडेपाच पोती ठरलेली, चार गव्हाच्या जातीची आणि दीड जवाची, आणि ती दुरून, सरकारी व्यवस्थेतून यायची. म्हणून शेतात पीक उभं असतानाही मधला कारभार ढासळला की यांचं पोट रिकामं. रामसेस तिसऱ्याच्या २९ व्या वर्षी, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, तेच झालं. शिधा थकला. कामगार चौक्यांच्या भिंती ओलांडून खाली उतरले आणि देवळांच्या आवारात ठिय्या देऊन बसले. भूक आणि तहान लागली म्हणून आलो, कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, हे राजाला कळवा, अशी त्यांची मागणी होती. इटलीत तुरिनला असलेल्या पपायरसमध्ये ही हकीकत आहे. थोडा शिधा मिळाला, पुन्हा थकला, पुन्हा ठिय्या झाला. इकडे राजाच्या तिसाव्या वर्षाच्या महोत्सवाची तयारी चालू होती. त्याच राजाचं मेदिनेत हाबूचं मंदिर वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या बाहेरच्या भिंतीवर कोणत्या सणाला देवाला किती भाकऱ्या, किती बिअर, किती धान्य, याची भलीमोठी यादी कोरली आहे, आणि त्यातला बराच भाग रामसेस दुसऱ्याच्या मंदिरावरून उतरवून घेतलेला आहे. भिंत नक्कल करू शकते. खापरावरचा हिशेब त्या दिवसापुरता असतो, त्याला शोभेची गरज नसते. एका दुपारी हे दोन्ही बघितलं तर पुरावा कसा तोलायचा याचा जो धडा मिळतो, तो वर्गात देणं अवघड आहे.

यावर पहिला आक्षेप असा की दीर अल-मदीनाला बघायला आहे काय? दोन-तीन थडगी, एक छोटं देऊळ आणि पडक्या भिंती; खापरं तर लंडन, पॅरिस, तुरिन आणि कैरोला गेलेली. आक्षेप खरा आहे, पण त्याचा रोख सहल आखणाऱ्याकडे असायला हवा. हजेरीपटाचं, संपाच्या नोंदीचं, नौनख्त नावाच्या बाईच्या मृत्युपत्राचं (म्हातारपणी ज्या मुलांनी विचारलं नाही त्यांना तिने वाट्यातून वगळलं) भाषांतर छापून बरोबर न्यावं आणि गल्लीतच वाचावं. त्यात खर्च नाही, तयारी आहे. मूळ वस्तू परदेशांत का गेल्या, हाही मग अभ्यासाचाच विषय होतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हे लोक सामान्य नव्हतेच. सरकारी घर, सरकारी परीट, लिहिता-वाचता येणारे, त्यांना प्रजेचा प्रतिनिधी कसं मानायचं? मानू नये. खोऱ्यातला शेतकरी, ज्याच्या धान्यावर हे सगळं उभं होतं, तो इथेही मुकाच राहतो. शिवाय हे कारागीर काही पुतळ्यासारखे निष्कलंक नव्हते : पुढे रामसेस नवव्याच्या काळात थडगी फोडल्याचे जे खटले झाले, त्यांत याच वस्तीतली माणसंही सापडली. रस्ता त्यांच्याइतका कुणाला माहीत असणार? पण गुलामांनी फटके खात इजिप्त उभारला, ही चित्रपटांनी रुजवलेली समजूत आणि दैवी राजांनी तो उभारला ही देवळांची जाहिरात, या दोन्हींना तपासायला हाताशी असलेला पुरावा हाच आहे. तो अपुरा आहे म्हणून वगळायचा, आणि देवळांच्या भिंतींवर राजांनी कोरून घेतलेले फुगवलेले विजय मात्र डोळे भरून बघायचे, हे तर्कात बसत नाही.

तिसरा आक्षेप काळाचा : पिरॅमिड या वस्तीच्या हजार-बाराशे वर्षं आधीचे, यांच्यावरून त्यांचं काय कळणार? थेट काहीच नाही. पण प्रश्न कसे विचारायचे ते कळतं, आणि ते प्रश्न घेऊन गीझाला गेलं तर तिथेही उत्तरं आहेत. पिरॅमिडच्या दक्षिणेला कामगारांच्या वस्तीचं उत्खनन झालं आहे, त्यात भट्ट्या आणि गुराढोरांची भरपूर हाडं मिळाली. जवळच्या उतारावर मुकादमांची आणि कामगारांची थडगी आहेत. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे २०१३ मध्ये खुफूच्याच काळातले पपायरस मिळाले. त्यांत मेरेर नावाच्या अधिकाऱ्याची रोजनिशी आहे : चाळीसेक माणसांची तुकडी, तुराच्या खाणीतून चुनखडी बोटीत भरायची, गीझाला उतरवायची, परत जायचं. म्हणून माझी सूचना एवढीच, की सहल उलटी करावी. आधी लक्झर, तिथे आधी दीर अल-मदीना, आणि पिरॅमिड सर्वांत शेवटी. आयुष्यात एकदाच येणाऱ्याचे पिरॅमिड त्यात चुकत नाहीत.

उरला वेळेचा प्रश्न. आयोजक हमखास तोच पुढे करतात. पश्चिम तीरावर अलाबास्टरच्या कारखान्यात, कैरोत पपायरसच्या आणि अत्तराच्या दुकानात गटाला नेलं जातं, प्रत्येक ठिकाणी सरबत, प्रात्यक्षिक आणि मग घासाघीस. तिन्ही मिळून अर्धा दिवस सहज जातो. दीर अल-मदीना आणि मेदिनेत हाबू नीट बघायला तेवढाच लागतो. काट मारायची असेल तर त्या दुकानांवर मारावी. अलाबास्टरच्या मांजरी विमानतळावरही मिळतात.