भिंतीतला कापूस

कॅव्हिटी म्हटलं की आपल्याला दात आठवतो. इंग्लंडमध्ये घर घेतल्यावर मला कळलं की भिंतीलाही कॅव्हिटी असते, ती मुद्दाम ठेवलेली असते, आणि ती भरून घेतली की कधीकधी दुखणं थांबायच्या ऐवजी सुरू होतं.

तर झालं असं. २०१९ मध्ये आम्ही लँकेशायरमध्ये, प्रेस्टनच्या पश्चिमेला, एक सेमी-डिटॅच्ड घर घेतलं. सेमी-डिटॅच्ड म्हणजे एक भिंत शेजाऱ्यांची आणि आपली मिळून, बाकी तीन बाजू वाऱ्यावर. घर १९३० च्या दशकातलं. एजंटच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, "कॅव्हिटी वॉल इन्सुलेशन, २५ वर्षांची गॅरंटी". आधीच्या मालकांनी २०१० साली चक्क फुकटात करून घेतलं होतं. २००८ ते २०१२ या काळात सरकारने वीज आणि गॅस कंपन्यांना कार्बन कमी करण्याचं टार्गेट दिलं होतं, आणि ते गाठायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे लोकांच्या भिंती भरत सुटणे. दारोदार माणसं फिरायची. फुकट म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? आपण तरी म्हटलं असतं का?

भिंत भरतात म्हणजे काय करतात ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

साधारण १९२०-३० नंतरची इथली बरीचशी घरं दुहेरी भिंतीची. बाहेर विटांचा एक पडदा, आत दुसरा, आणि मध्ये दोनेक इंच रिकामी जागा. दोन्ही पडदे एकमेकांना धरून राहावेत म्हणून मध्येमध्ये लोखंडी पट्ट्या. पाऊस बाहेरच्या विटांवर आपटतो, विटा भिजतात, थोडं पाणी आत झिरपतं आणि बाहेरच्या पडद्याच्या आतल्या अंगाने ओघळून खाली जातं. आतला पडदा कोरडा राहतो, कारण पाण्याला पलीकडे जायला पूलच नाही. म्हणजे ती रिकामी जागा काहीही न करता काम करत असते! आता त्याच जागेतून घरातली ऊबही निसटते. म्हणून बाहेरून विटांच्या सांध्यांत भोकं पाडायची, नळीने खनिज लोकर फुंकायची, आणि भोकं सिमेंटने बुजवायची. सगळा खेळ एका दिवसाचा. चांगलं केलं तर भिंतीतून जाणारी उष्णता एक तृतीयांशावर येते. लाखो घरांमध्ये ते झालंय आणि बहुतेकांची काही तक्रार नाही, हेही लिहितो, नाहीतर वाचून कोणीतरी उद्या भिंत फोडायला घ्यायचं.

आमच्या टीममध्ये एकदा एका नवीन मुलाने "काहीच करत नाही" म्हणून कोडमधली एक ओळ काढून टाकली होती. त्या शनिवारी सगळे ऑफिसात. असो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये चिऊचा जन्म झाला आणि नोव्हेंबरात आई आली. बाबा रत्नागिरीजवळ घरीच राहिले, बागेकडे कोणीतरी बघायला हवं म्हणून. पश्चिमेकडची छोटी खोली चिऊची केली होती. डिसेंबरात पाळण्यामागच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक काळसर डाग दिसला. पुसला. आठवड्याने परत आला, जरा मोठा होऊन. चिऊला खोकला सुरू झाला. तीन महिन्यांच्या बाळाचा रात्रीचा खोकला ज्यांनी ऐकलाय त्यांना मी काही सांगायला नको.

गॅरंटीच्या कागदावरच्या नंबरवर फोन केला. एक माणूस आला. त्याने भिंतीला टोचणीचं मीटर लावलं, मग स्वयंपाकघरात डोकावला. ओट्यावर कुकर. रेडिएटरवर चिऊची दुपटी. त्याचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही स्वयंपाक बराच करता का?" मग तो गोड आवाजात म्हणाला, हे कंडेन्सेशन आहे, लाइफस्टाइलचा प्रश्न. खिडक्या उघडा, कपडे घरात वाळवू नका. रिपोर्टमध्ये "लाइफस्टाइल" हा शब्द चार वेळा होता. मी मोजला.

आणि मी काय केलं असेल? मी त्याच्यावर विश्वास ठेवला. फ्रिजवर एक नियमांचा कागद लावला. कुकर फक्त एक्झॉस्ट चालू असताना. रेडिएटरवर कपडे नाहीत. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं खिडक्या उघड्या, बाहेर तीन डिग्री असो की शून्य. बायको म्हणाली, "बाळंतिणीच्या घरात खिडक्या उघड्या ठेवायला लावणारा तू पहिलाच." आई काही म्हणाली नाही. फक्त एकदा भिंतीजवळ वाकून म्हणाली, "अरे, ही भिंत बाहेरून भिजलीय. वास बघ, ओल्या पोत्याचा."

मी तिला ड्यू पॉइंट समजावून सांगितला. कागदावर आकृती काढून. हवेतली वाफ, गार पृष्ठभाग, वगैरे. शेवटी म्हटलं, "म्हणजे हे पाणी आपल्याच घरातलं आहे, कळलं ना?" ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिने भात मायक्रोवेव्हमध्ये लावायला सुरुवात केली. तो कधी नीट शिजायचा नाही. दुपटी ती बाहेर गॅरेजमध्ये वाळत घालायची, तिथे ती दोन-दोन दिवस ओलीच. फेब्रुवारीत ती परत गेली, नेहमीपेक्षा जरा गप्प.

आणि मार्चमध्ये डाग दुप्पट झाला.

आता घरात कुकर नव्हता (आम्ही दोघं कामावरून आल्यावर पास्ता खाणारे लोक), दुपटी ड्रायरमध्ये, खिडक्या उघड्या. मग वाफ कोणाची? इथे माझ्यातला झोपलेला इंजिनियर जागा झाला. खरं तर तो डिसेंबरातच जागा व्हायला हवा होता. ऑफिसात कोणी पुरावा न देता "युजरची चूक आहे" म्हटलं तर मी त्याला सोडत नाही. आणि घरात?

पुढच्या हिवाळ्यात चिऊला आमच्या खोलीत हलवलं आणि त्या खोलीत एक रास्पबेरी पाय बसवला. हवेचं तापमान आणि आर्द्रता मोजायला एक सेन्सर, एक डागाला चिकटवलेला, एक त्याच भिंतीवर दोन फूट वर. शेजारी बाहेरचा पाऊस आणि वाऱ्याची दिशा. सगळं एका आलेखावर. खोलीत २० डिग्री आणि ५५ टक्के आर्द्रता, म्हणजे अगदी सभ्य हवा. अशा हवेचा ड्यू पॉइंट साधारण पावणेअकरा डिग्री. वरची भिंत १५ च्या आसपास, म्हणजे तिथे दव पडणं शक्यच नाही. आणि डागाची जागा? नऊ.

म्हणजे तो मीटरवाला अगदीच खोटं बोलत नव्हता. काही पाणी आमच्या हवेतलं असेलही. पण एकाच भिंतीचा तेवढाच तुकडा सहा डिग्रीने गार का, हे त्याने विचारलंच नाही. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णता जास्त वाहून नेते. भिंत आधी ओली झाली, म्हणून गार झाली, म्हणून आमची वाफ तिथे बसली. आम्ही क्रम उलटा लावला होता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये 'बॅबेट' वादळ आलं, त्याचे वारे पूर्वेकडून. आमच्या भिंतीने ढुंकूनही पाहिलं नाही. आठ माणसं जेवायला बोलावली, तीन तास रस्सा रटरटत होता, स्वयंपाकघराची आर्द्रता ८० वर गेली, डागाचा सेन्सर ढिम्म. मग जानेवारी २०२४ मध्ये 'ईशा' आलं (नाव शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलीचं वाटतं, पण काय वादळ होतं!), वारा आणि पाऊस थेट आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर. दोन दिवसांनी डागाचं तापमान दोन डिग्री उतरलं. नंतरच्या प्रत्येक पश्चिमेच्या पावसाला तेच. मी तो आलेख रात्री दीड वाजता बायकोला उठवून दाखवला. ती म्हणाली, "आईंना दाखव."

मी आईला नाही, बाबांना फोन केला. धीर झाला नाही म्हणा हवं तर. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भिंत झडीच्या बाजूची का?"

झड! इथल्या बांधकामाच्या नियमांत 'विंड-ड्रिव्हन रेन' असा तीन शब्दांचा प्रकार आहे, त्याचा देशाचा नकाशा आहे, त्यात चार पट्टे आहेत. शेवटच्या 'व्हेरी सिव्हियर' पट्ट्यात एका झोडपणीत भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर १०० लिटर किंवा जास्त पाणी आदळू शकतं, आणि पश्चिम किनाऱ्यावर हे वरचे पट्टेच जास्त. कोकणात त्याला एक शब्द पुरतो. आजोबा दर मे महिन्यात घराच्या त्या बाजूला विणलेले झाप बांधायचे, जांभ्याच्या भिंतीला झड लागू नये म्हणून. बाबा म्हणाले, "झडीच्या भिंतीत कापूस भरायचा म्हणजे काय? तो कोणी बघायला नको होता का आधी?"

बघायला हवंच होतं. भरण्याआधी भिंत किती झडीची आहे, सांधे धड आहेत का, पोकळीत आधीच काही पडलंय का, हे तपासायचं असतं. आम्ही आमच्या खर्चाने एक स्वतंत्र सर्व्हेयर बोलावला. त्याने सांध्यात बोटाएवढं भोक पाडून आत कॅमेरा घातला आणि टॅबलेटवर आमच्या घराचं पोट दाखवलं. खिडकीखाली लोकरच नाही, नुसती पोकळी. तळाशी ९० वर्षांपूर्वीच्या गवंड्याने टाकलेले विटांचे तुकडे आणि चुन्याचे गोळे, त्यावर बसलेली लोकर ओली, काळपट. पोकळीतल्या लोखंडी पट्ट्यांवरही मसाल्याचे गोळे. बाहेरचे सांधे जागोजागी तडकलेले. म्हणजे पाण्याला पलीकडे जायला पूलच पूल.

रिपोर्ट पाठवला. गॅरंटीवाल्यांचं उत्तर आलं की सांध्यांची देखभाल मालकाची जबाबदारी, गॅरंटी फक्त कामाची. काम करणारी कंपनी तर केव्हाच बंद. "जिंकलो तरच फी" म्हणणारे वकीलही भेटले. पण त्याच जानेवारीत शेफिल्डची अशीच एक वकिली फर्म बुडाली होती, आणि याच कॅव्हिटीच्या दाव्यांसाठी तिच्याकडे गेलेल्या शेकडो घरमालकांच्या हातात समोरच्या बाजूच्या खर्चाची हजारो पौंडांची बिलं येत होती. आम्ही गप्प बसलो आणि सुट्टीसाठी साठवलेले पैसे काढले.

मे २०२४ मध्ये दोन माणसं आली. भिंतीच्या तळाच्या काही विटा काढल्या, वरून दाबाची हवा सोडली आणि खालून भल्यामोठ्या व्हॅक्यूमने लोकर ओढायला लागले. पोत्यांमागून पोती. वरची लोकर पिवळी, हलकी, उडणारी. तळाची आली ती भिजलेल्या गोधडीसारखी. त्यातला वयस्क माणूस एक पोतं उचलताना माझ्याकडे बघून म्हणाला, "हे जरा धरून बघ." मी धरलं. एका हाताने उचललं नाही. आणि वास... ओल्या पोत्याचा. अगदी तोच.

त्याच दिवशी मी आईला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण ते काही नीट आलं नाही. मी म्हटलं, "तू म्हणाली होतीस ते बरोबर होतं, भिंत बाहेरूनच भिजली होती." ती म्हणाली, "मग, तेव्हाच सांगितलं होतं की." मी म्हटलं, "मी तुला उगाच बोललो." पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "तू बोलला नाहीस रे, कागद लावलास."

भिंत सुकायला तो अख्खा उन्हाळा लागला. सांधे नव्याने भरून घेतले, तळाचा कचरा काढला. डाग परत आलेला नाही. घर मात्र आता थंड पडतं, आणि हिवाळ्यात गॅसचं बिल बघून पोटात गोळा येतो. पश्चिमेची भिंत सोडून बाकीच्या दोन बाजूंना पॉलिस्टायरिनचे मणी भरावेत असं एक जण सुचवतोय. बायको म्हणते, आधी तू कॅमेरा घालून बघ, मग बोलू.

आई या नोव्हेंबरात परत येतेय. फ्रिजवरचा कागद काढला, त्याच्या चिकटपट्टीची खूण काही जात नाही. परवा तिने बॅगेत काय काय भरू विचारायला फोन केला होता, आणि शेवटी म्हणाली, "कुकरची नवी रिंग आणू ना? तुमची सैल झाली होती."